आजीबाईंना लिहिलेली पत्रं: पंडिता रमाबाई, त्रैक्य आणि आपली रूह

पंडिता रमाबाई शाळेच्या पुस्तकात आपल्याला एका परिच्छेदापुरत्या भेटतात. संस्कृतच्या विदुषी, शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, आणि मग एक वाक्य: त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कुणी ते वाक्य रागानं वाचतं, कुणी कौतुकानं. पण त्या वाक्यानंतर काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. बाप्तिस्मा घेतल्यावर दोन वर्षांच्या आत रमाबाई आपल्या नव्या धर्माच्या सर्वांत मोठ्या सिद्धांताशी भांडत होत्या. तो सिद्धांत म्हणजे त्रैक्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही श्रद्धा.

मी धामणगाव बढ्यात राहतो. मोताळा तालुक्यातल्या या गावात माझ्यासारख्या मुसलमान माणसानं या भांडणात लक्ष घालायचं कारण काय, असं कुणी विचारेल. कारण साधं आहे. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात एक ख्रिस्ती सहकारी माझ्या शेजारी बसायचे. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "सर, एक विचारू? तुमचे लोक आम्हाला तीन देव मानणारे समजतात ना?" मी म्हटलं, "सर, तुमची श्रद्धा मी माझ्या तोंडून कशाला सांगू? तुम्हीच सांगा." त्यावर ते म्हणाले, "आम्ही एकच मानतो. तुमच्याइतकाच एक. फक्त आमचं सांगायला अवघड आहे." तेवढ्यात घंटा झाली. पण सांगायला अवघड असलेली श्रद्धा माणूस कशी धरून ठेवतो, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. त्याचं उत्तर शोधताना रमाबाईंची पत्रं हाती लागली.

आधी त्रैक्याचा इतिहास थोडक्यात पाहू. तो पाहिल्याशिवाय रमाबाईंचं म्हणणं कळणार नाही.

हजरत ईसा (अ.) यांच्यानंतर तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांत हा प्रश्न धुमसत होता की ईसा नेमके कोण. 'त्रैक्य' या अर्थाचा लॅटिन शब्द टर्टुलियन या उत्तर आफ्रिकेतल्या लेखकानं रूढ केला. पुढं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एरियस नावाच्या धर्मगुरूनं मांडलं की पुत्र हा पित्यानं निर्माण केलेला आहे, म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नाही. त्याच्या विरुद्ध बाजूला त्याच शहरातला अथनेशियस उभा राहिला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं ३२५ साली निकाया येथे बिशपांची परिषद बोलावली. पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे आहेत, असा निर्णय झाला आणि एरियसला हद्दपार केलं गेलं. पण भांडण मिटलं नाही. पुढच्या सम्राटांपैकी काहींनी एरियसची बाजू घेतली आणि अथनेशियसला आयुष्यात पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याविषयीचा भागही पक्का करण्यात आला. म्हणजे आज जे सूत्र एका दमात म्हटलं जातं, ते ठरायला साडेतीनशे वर्षं लागली. त्यात पुष्कळ विद्वत्ता खर्ची पडली आणि सिंहासनाचा धाकही वापरला गेला.

हे वाचून आपल्यापैकी काहींना हसू येईल. पण हसण्याआधी आपल्या घरात डोकावावं. कुरआन हा अल्लाहचा अनादी शब्द आहे की निर्माण केलेला, या प्रश्नावर ८३३ साली खलिफा मामूननं उलेमांची चौकशी सुरू केली. कुरआन निर्मित आहे असं म्हणायला नकार दिला म्हणून इमाम अहमद बिन हंबल यांना तुरुंगात टाकलं गेलं. मामूननंतरच्या खलिफानं त्यांना फटकेही मारले. प्रश्न नीट पाहिला तर तो तिकडच्या प्रश्नाचा शेजारीच आहे. देव एक आहे हे दोन्हीकडे मान्य. मग त्याचा शब्द त्याच्यापासून वेगळा की त्याचाच भाग, अनादी की नंतरचा? आपल्याकडे शब्द ग्रंथाच्या रूपात आला, त्यांच्याकडे माणसाच्या रूपात आला असं ते मानतात. फरक मोठा आहे, आणि तो फरक मी पुसणार नाही. पण अशा प्रश्नाचा पेच आपल्यालाही पडला होता आणि आपल्याकडेही त्याच्या उत्तरासाठी चाबूक वापरला गेला, हे विसरू नये.

आता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. १८७४ च्या सुमारास उपासमारीच्या दिवसांत आईवडील गेले. भावाबरोबर ही मुलगी पुराणं सांगत हिंदुस्थानभर पायी फिरली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लग्न झालं, मुलगी झाली, आणि १८८२ साली नवरा वारला. त्याच वर्षी पुण्यात येऊन तिनं आर्य महिला समाज काढला. १८८३ साली इंग्लंडला गेली. वाँटिज गावच्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिली, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं.

मठातल्या सिस्टर गेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत. इंग्रजी पत्रात हा मराठी शब्द. पुढं त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात गेल्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील म्हणजे इंग्लंडमधल्या स्त्रीशिक्षणातलं फार मोठं नाव. या दोन बायकांशी रमाबाईंचा १८८५ साली जो पत्रव्यवहार झाला, तो पुढं गेराल्डीन यांनीच जपून ठेवला. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं तो अ. भि. शहा यांच्या संपादनात छापला. म्हणून आपल्याला आज तो वाचता येतो.

या पत्रांत रमाबाईंचं म्हणणं काय आहे ते माझ्या शब्दांत सांगतो. देव एक आहे आणि ईसा हे त्यानं पाठवलेले तारणारे आहेत, इथपर्यंत त्यांची श्रद्धा पक्की होती. पण त्रैक्याचं सूत्र बायबलात जसंच्या तसं कुठं आहे, ते दाखवा, अशी त्यांची मागणी होती. परिषदांनी ठरवलेलं आणि धर्मगुरूंनी शिकवलेलं म्हणून मी मानणार नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. अथनेशियसच्या नावानं चालणारा एक लांबलचक मतांगीकार आहे. मतांगीकार म्हणजे श्रद्धा जाहीर करण्याचा ठरावीक मजकूर. त्यात त्रैक्याची एकेक बाजू मांडलेली आहे आणि जो हे मानणार नाही त्याचं तारण होणार नाही असा इशाराही आहे. तो मजकूर म्हणायला त्या तयार नव्हत्या. एका भिक्षुकशाहीच्या जोखडातून मान मोठ्या कष्टानं सोडवून घेतली, ती दुसऱ्या जोखडात घालायची नाही, असा त्यांचा सूर होता.

गेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. नव्यानं आलेल्या मुलीनं शिकायचं सोडून शिकवायला सुरुवात केली, असं त्यांना वाटलं. बील यांनी मात्र शांतपणे लांब उत्तरं लिहिली. एकदा गळ्यातल्या क्रुसावर कोणत्या भाषेत अक्षरं कोरायची यावरूनही वाद झाला. लॅटिन कशाला, आमची संस्कृत काय वाईट आहे, असं रमाबाईंनी विचारलं. त्यांनी कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावरही हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. मुंबईचे बिशप आणि लाहोरचे बिशप असे दोघे त्यात होते.

या लाहोरच्या बिशपांचं नाव थॉमस व्हाल्पी फ्रेंच. हे नाव आपल्या इतिहासात आधी एकदा येऊन गेलेलं आहे. १८५४ च्या एप्रिल महिन्यात आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा जाहीर वाद झाला. मौलानांच्या बाजूला डॉ. वझीर खान होते आणि फांडरच्या बाजूला हेच फ्रेंच. वादाचे पाच विषय ठरले होते, आणि त्रैक्य हा त्यातलाच एक. पण पहिल्या दोन विषयांवरच, म्हणजे आधीच्या ग्रंथांतले हुकूम रद्द होणं आणि त्या ग्रंथांत फेरफार होणं यांवरच दोन दिवस गेले, आणि वाद तिथंच थांबला. त्रैक्यापर्यंत गाडी पोहोचलीच नाही. मौलानांनी पुढं 'इजहारुल हक' हा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे त्या वादाची आठवण विजयाची गोष्ट म्हणून सांगतात.

मला मात्र या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. आग्र्याला शेकडो माणसांसमोर ज्या विषयाला हात लागला नाही, तो विषय तीस वर्षांनी एका मराठी विधवेनं पत्रांत उघडला. तिथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. तिला कुणाला हरवायचंही नव्हतं. ती परदेशात होती, दुसऱ्याच्या आधारावर राहत होती, पदरी चार वर्षांची मुलगी होती. होकार दिला असता तर सगळं सोपं झालं असतं. तरीही तिनं लिहिलं की मला पटत नाही ते मी पटलं असं म्हणणार नाही.

इथं आपल्या बाजूनं एक मोह होतो. असं वाचलं की आपला माणूस लगेच म्हणतो, बघा, रमाबाईंना तौहीद कळली होती, त्या अर्ध्या मुसलमानच होत्या. मी हे ऐकलेलं आहे, म्हणून सांगतो, हे खरं नाही. रमाबाई पुढं हिंदुस्थानात परतल्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. काही वर्षांनी त्यांना ख्रिस्ती श्रद्धेचा खोल अनुभव आला. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला, अशा अर्थाचं त्यांनी १९०७ सालच्या आपल्या 'साक्षी'त सांगितलं आहे. १९०५ साली केडगावला मुक्ती मिशनात प्रार्थनेची मोठी लाट आली, तिचा उगम त्यांनी पवित्र आत्म्यातच मानला. म्हणजे त्या ख्रिस्ती म्हणून जगल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी ख्रिस्ती म्हणूनच गेल्या. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याच्या माणसाला आपला ठरवणं हा प्रामाणिकपणा नव्हे. त्यांच्या शंकेचा आदर करायचा असेल, तर त्यांच्या श्रद्धेचाही करावा लागेल.

आता शब्दांकडे येतो, कारण मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हा भाग सर्वांत जवळचा आहे.

त्रैक्य सांगताना मराठीत 'तीन व्यक्ती, एक देव' असं म्हणतात. मराठी माणसाच्या कानाला तीन व्यक्ती म्हणजे तीन माणसं. मूळ ग्रीक आणि लॅटिन शब्दांचा अर्थ असा नव्हता. लॅटिनमधला 'पर्सोना' हा शब्द नाटकातल्या मुखवट्यापासून आला, आणि ग्रीकमधला शब्द अस्तित्वाचा आधार अशा अर्थाचा होता. म्हणून माझे सहकारी म्हणाले की सांगायला अवघड आहे.

'पवित्र आत्मा' या शब्दाचंही तसंच. ख्रिस्ती माणूस तो शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात प्रत्यक्ष देव असतो. कुरआनमधला 'रूहुल कुदुस' आपण मराठीत लिहायला बसलो की आपणही 'पवित्र आत्मा' असंच लिहितो, पण आपल्या बहुतेक मुफस्सिरांच्या मते त्याचा अर्थ हजरत जिब्रील (अ.), म्हणजे अल्लाहचा एक फरिश्ता. शब्द एक, अर्थांत निर्माता आणि निर्मिती यांच्याएवढं अंतर. दोघे एका ओट्यावर बसून तासभर बोलतील आणि दोघांना वाटेल की आपण एकाच गोष्टीविषयी बोलतोय.

त्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी मला विचारलं होतं, "तुमच्या कुरआनातही ईसांना अल्लाहचा शब्द आणि त्याच्याकडची रूह म्हटलंय ना?" म्हटलं आहे, सूरह निसामध्ये आहे. त्याच आयतीत 'तीन' म्हणू नका असंही सांगितलं आहे. आपले उलेमा याचा उलगडा असा करतात की अल्लाहशी जोडून नाव घेणं हे सन्मानासाठी असतं. काबागृहाला आपण अल्लाहचं घर म्हणतो, म्हणून अल्लाह तिथं राहतो असं होत नाही. हजरत आदम (अ.) यांच्यात अल्लाहनं आपल्याकडची रूह फुंकली असंही कुरआनात आहे, म्हणून आदम देव होत नाहीत. मी त्यांना एवढंच सांगितलं. त्यांना ते पटलं असं नाही. पण त्यांनी ते ऐकून घेतलं आणि वहीत लिहून घेतलं.

आणि आता तो मोठा शब्द: आत्मा. आपल्याकडे रूहला मराठीत आत्मा म्हणतात, ख्रिस्ती लोकही आत्माच म्हणतात. पण हा शब्द रिकामा नाही. त्याच्या मागं वेदान्ताची हजारो वर्षं आहेत. तिथं आत्मा अजन्मा आहे, तो एका शरीरातून दुसऱ्यात जातो, आणि शेवटी ब्रह्माशी एक असतो. रूह मात्र अल्लाहनं निर्माण केलेली आहे. ती एकदाच येते, एकदाच जाते आणि हिशेबाच्या दिवशी उत्तर देते.

नीळकंठशास्त्री गोरे यांना हा पेच सर्वांत आधी कळला. मराठी कोकणस्थ घरातला हा माणूस बनारसमध्ये वाढला आणि १८४८ साली ख्रिस्ती झाला. 'षड्दर्शनदर्पण' या १८६० सालच्या ग्रंथात त्यांनी सहा दर्शनांची चिकित्सा केली. जीव आणि ब्रह्म जर एकच असतील तर अज्ञान कुणाला झालं आणि पाप कुणाचं, हा त्यांचा मुख्य प्रश्न. आत्मा हा देवाचा अंश नाही, तो देवानं घडवलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. हे वाचताना मुसलमानाला परकं वाटत नाही. रमाबाईंच्या धर्मांतराच्या निर्णयातही याच गोऱ्यांच्या पत्रांचा वाटा होता.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांतून, एकटीनं. संस्कृतच्या या पंडितेनं मुद्दाम साधी मराठी निवडली. खेड्यातल्या बाईला कळेल असा शब्द हवा, आणि जुन्या धर्मकल्पना चिकटलेला शब्द नको, हा त्यांचा आग्रह होता. मनोरमा १९२१ साली गेली, तरी काम थांबलं नाही. त्यांच्यानंतर १९२४ साली ते बायबल मुक्ती मिशनातून बाहेर पडलं. मराठीत दीन लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. शब्द निवडणं हे सुद्धा श्रद्धेचंच काम असतं.

हिब्रूत शोधायला गेलं तर आपल्यासाठी एक गंमत आहे. जिवाला तिथं 'नेफेश' म्हणतात आणि आत्म्याला 'रूआख'. आपले 'नफ्स' आणि 'रूह' यांचेच हे सख्खे भाऊ. बायबलच्या पहिल्या पुस्तकात देव मातीच्या माणसात श्वास फुंकतो आणि माणूस जिवंत होतो. पुढं ग्रीक तत्त्वज्ञान आलं, आत्मा स्वभावतःच अमर आहे हा प्लेटोचा विचार आला, आणि ख्रिस्ती लोकांत दोन मतं झाली. मेल्यावर आत्मा जागा असतो की कयामतीपर्यंत झोपतो? रोमच्या चर्चनं १५१३ साली आत्मा अमर असल्याचं जाहीर केलं. मार्टिन ल्यूथरच्या लिखाणात मृत्यूला झोप म्हटलेलं आढळतं, तर कॅल्व्हिननं आत्मा झोपतो या मताविरुद्ध पुस्तकच लिहिलं. याच कॅल्व्हिनच्या जिनिव्हा शहरात त्रैक्य नाकारणाऱ्या मायकेल सर्वेटसला १५५३ साली जिवंत जाळण्यात आलं. हा वाद आजही चालू आहे. पुण्यात औंधला ज्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे ते ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक मानतात की मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत झोपेत असतो. वसईचे कॅथलिक मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात. दोघांचं बायबल मराठी, दोघांचा ख्रिस्त एक.

मृतांसाठी केलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचतं का, हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे. माझी नानी सांगायची की जुम्मेरातीला संध्याकाळी रुहा घरी येतात, उंबऱ्याशी उभ्या राहतात, आपली आठवण कुणी काढतं का बघतात. म्हणून त्या दिवशी ती उदबत्ती लावून फातेहा द्यायची. ती गेली तेव्हा माझ्या दोन मामूंत तिच्या चाळिसाव्यावरून भांडण झालं. मोठे मामू म्हणाले, देग चढलीच पाहिजे, अम्मीच्या रूहला सवाब पोहोचतो. धाकटे मामू जमातीत जाऊन आलेले. ते म्हणाले, ही बिदअत आहे, दुआ करा, खैरात करा, पण दिवस ठरवून जेवण घालू नका. दोघांकडे दलीला होत्या. दोघांचं आईवर प्रेम होतं. पण नऊ वर्षं दोघे एकमेकांच्या घरी गेले नाहीत. ईदगाहमध्ये एकाच सफमध्ये उभे राहायचे आणि सलाम फेरल्यावर वेगवेगळ्या वाटेनं जायचे. जिच्या रूहसाठी हे सगळं चाललं होतं तिला हे कळत असेल तर तिला काय वाटत असेल, असं मी एकदा मामींना विचारलं. मामी म्हणाल्या, "बेटा, उसका जवाब किसी के पास नहीं।"

खरंच नाही. मदीनेत जेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांना रूहविषयी विचारलं गेलं, तेव्हा कुरआननं दिलेलं उत्तर सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. त्याचा भाव असा की रूह ही माझ्या पालनकर्त्याच्या हुकुमातली गोष्ट आहे आणि तुम्हाला ज्ञान थोडंच दिलेलं आहे. यानंतरही आपल्या विद्वानांनी रूहवर ग्रंथ लिहिले. इब्न सीना यांनी तिला शरीराहून वेगळं तत्त्व म्हटलं. इब्ने कय्यिम यांनी तर 'किताबुर रूह' हा मोठा ग्रंथच लिहिला. विचार करण्याला मनाई नाही. पण 'थोडंच' हा शब्द त्या आयतीत आहे, आणि तो आपण वाचून पुढं जातो. जे ज्ञान आपल्याला थोडं दिलं आहे, त्यावरून भावाशी पूर्ण संबंध तोडायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

म्हणून मला रमाबाईंच्या पत्रांतला तो एक शब्द महत्त्वाचा वाटतो. आजीबाई. भांडणाच्या काळातल्या पत्रांतही त्यांनी गेराल्डीन यांना आजीबाईच म्हटलं. मत बदललं नाही, नातंही बदललं नाही. गेराल्डीन यांनीही त्यांना हट्टी म्हटलं, पण पत्रं फाडली नाहीत. उलट आपल्याला उद्देशून लिहिलेले कठोर शब्दसुद्धा जपून ठेवले. मनोरमाला आईसारखं सांभाळण्यातही त्यांचा वाटा होता. आज आपण रमाबाईंची बाजू वाचू शकतो, ती या विरोधी बाजूच्या बाईमुळे.

आपल्या सीरतच्या ग्रंथांत याहून मोठा दाखला आहे. नजरानचे ख्रिस्ती मदीनेला आले होते. हजरत ईसांविषयी प्रेषितांशी (स.) त्यांची चर्चा झाली. दोन्ही बाजूंनी आपलं म्हणणं सोडलं नाही. आणि त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्यांनी मस्जिदे नबवीतच पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना केली, प्रेषितांनी (स.) करू दिली, असं इब्ने इस्हाक यांनी नोंदवलं आहे. शेवटी करार झाला आणि ते आपल्या धर्मासह, आपल्या चर्चसह परत गेले. ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनंच चर्चा करा, हा सूरह अनकबूतमधला हुकूम कसा पाळायचा ते इथं दिसतं.

त्रैक्य मला पटत नाही. अल्लाह एक आहे, त्यानं कुणाला जन्म दिला नाही आणि त्याला कुणी जन्म दिला नाही, हे मी लहानपणापासून नमाजमध्ये म्हणत आलो आणि आज विचार करूनही तेच म्हणतो. पण आता मी माझ्या विद्यार्थ्यांना 'ते लोक तीन देव मानतात' असं सांगू देत नाही. मी सांगतो की ते एक देव मानतात असं म्हणतात, तो एकपणा ते ज्या रीतीनं समजावतात ती आपल्याला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते असं आहे. वाक्य थोडं लांब होतं. पण दुसऱ्याची श्रद्धा त्याला ओळखू येईल अशा शब्दांत सांगणं, आणि मग आपला नकार सांगणं, हाच न्याय आहे. आपल्या दीनविषयी टीव्हीवर आणि मोबाईलवर जे बोललं जातं ते ऐकताना आपण हाच न्याय मागतो ना? मग तो देताना हात आखडता कशाला?

वाचकहो, आपल्या प्रत्येक गावात अशी दोन घरं असतील जी फातेह्यावरून, आमीनच्या आवाजावरून किंवा एखाद्या मसल्यावरून बोलेनाशी झाली आहेत. तुमचं मत बदला असं मी म्हणत नाही. रमाबाईंनी बदललं नव्हतं, नजरानच्या लोकांनीही बदललं नव्हतं. फक्त पुढच्या जुम्मेरातीला, फातेहा देणारे असाल तर ती देऊन आणि न देणारे असाल तर दुआ करून, त्या घरी जाऊन या. सलाम करा, चहा प्या. रूहचं ज्ञान आपल्याला थोडं दिलेलं आहे. सलाम कसा करायचा हे मात्र पूर्ण शिकवलेलं आहे.

अल्लाह आपल्याला खरं ओळखण्याची आणि वेगळं मानणाऱ्याशीही माणसासारखं वागण्याची तौफिक देवो. आमीन.